अंगावरचं

त्यानं टाटा केला. रडला असता, पाय झाडले असते, तर सुकेशनीला निघणं सोपं गेलं असतं. रीत अशी की लेकराचं अंगावरचं दूध तोडायचं असलं म्हणजे आईनं पहाटे, ते झोपेत असताना, घरातून निघून जायचं; दिवसभर तोंड दाखवायचं नाही; आणि ते रडून थकून निजलं की मगच उंबऱ्यात पाय ठेवायचा. तशी ती चोरासारखीच उठली होती. गॅलरीतल्या खुंटीवरून सायकल उतरवताना मागचं चाक आपोआप फिरलं, कटकट वाजलं, ते तिनं तळहातानं दाबून धरलं. पण परभणीतल्या त्या दोन खोल्यांत कुठलाच आवाज कुणापासून लपत नाही. दाराशी आली तर सासू, वच्छलाबाई, उभी. आणि तिच्या खांद्यावर सिद्धोधन, टक्क जागा, गालावर उशीच्या शिलाईचा वळ. त्यानं हेल्मेट पाहिलं, सायकल पाहिली आणि हात वर करून बोटं मिटली, उघडली. रोज ती ऑफिसला निघताना करतो तसा. रोजचा तो टाटा म्हणजे दोघांतला करार होता: तू जा, दिवस मावळता ये, हातपाय धू, भिंतीला टेकून बस, मग मी माझं घेईन. त्याच करारावर विसंबून त्यानं आजही हात हलवला. करार मोडायला निघालेल्या बाईनं काय करावं? तिनंही हलवला. रात्रीचं पाजणं शेवटचं होतं हे तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. आणि दोघांच्या ठाऊक असण्यातला हा फरक घेऊन ती जिना उतरली. वरून वच्छलाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "फोन करायचा न्हाई बरं. तू बी न्हाई, मी बी न्हाई. आवाज कानावर पडला की दोघं बी इरघळताल."

सिद्धोधन हे त्याच्या आजोबांचं नाव. गेलेल्या नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून वच्छलाबाई नातवाला 'मालक' म्हणते. मालक, मम खा. मालक, चड्डी कुठं सोडली? दोन वर्षांचे होत आलेले हे मालक भाकरीला, भाताला, केळालासुद्धा तोंड लावत नव्हते. दिवसा आजीच्या हातचं पाण्यात बुडवलेलं बिस्किट आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत आई. डॉक्टरीणबाईंनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, याचं अंगावरचं बंद करा, त्याशिवाय हा जेवायचा नाही, रक्त फार कमी आहे. त्यात दोष कुणालाच दिला नव्हता. पण परतताना रिक्षात वच्छलाबाई म्हणाली, "म्हंजी तुझ्याच दुधानं उपाशी ठिवलंय की लेकराला." चेष्टेनं म्हणाली असेल. ती बहुतेक गोष्टी चेष्टेनंच म्हणते. पण ते वाक्य सुकेशनीच्या अंगात शिरलं आणि तिथंच राहिलं. मग कोरफडीचा गर लावून झाला. त्यानं तोंड वाकडं केलं, तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिचंच कुणीतरी वाईट केलंय, आणि डोळ्यांत पाणी आणून ते कडू तसंच पीत राहिला. मग तिनं चुडाव्याला माहेरी जाऊन पाहिलं. दुपारी आईनंच विचारलं, "आता रडत असंल का गं?" आणि आईच्याच डोळ्यांना धार लागली. दोघी स्टेशनावर येऊन बसल्या, मिळेल ती गाडी धरली, आणि दिवेलागणीआधी सुकेशनी भिंतीला टेकून बसलेली, पोरगं पदराखाली. वच्छलाबाईनं त्या दिवशी नुसती भांडी जरा जोरात ठेवली. म्हणून या खेपेला सुकेशनीनं जिंतूरचा रस्ता धरला. तिकडं रेल्वे नाही. आणि आईही नाही.

खरं म्हणजे हाच दिवस तिला हवा होता, हे कुणाला सांगावं? विद्यापीठाच्या होस्टेलात असताना ती सायकलवर अजिंठ्याला जाऊन आली होती, अंबाजोगाईचा घाट एकटीनं चढली होती. रात्री कुठल्याशा गावच्या विहारात सतरंजीवर झोपायचं, पहाटे हापशावर तोंड धुऊन निघायचं. पोटऱ्या दुखायच्या आणि त्या दुखण्यात आपण पुरत्या आपल्या आहोत असं वाटायचं. लग्न ठरताना तिनं एकच अट घातली, सायकल सोबत येईल. प्रीतम हसला होता, "हुंडा म्हणून का?" आली सायकल. बाळंतपणानंतर तिच्या हँडलवर दुपटी वाळायला लागली, मग चड्ड्या, मग वच्छलाबाईचे परकर. तिनं मागितला होता फक्त एक रविवार. प्रीतम दर वेळी म्हणायचा, थोडा मोठा होऊ दे त्याला. तो वाईट माणूस नाही. मोठं होणं ही काय चीज असते, ती कुणाच्या अंगातून वजा होते, एवढंच त्याला कळत नाही. आता तो रविवार आला, तो डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवरच्या औषधासारखा आला. दिवसातून एकदा, उपाशीपोटी. काल रात्री चाकांत हवा भरताना, चेनीला तेल देताना तिच्या मनात आनंदाचा एक बारीकसा किडा वळवळला होता. तो तिनं तिथंच चिरडला. पण चिरडल्यावर त्याचा डाग राहिला, आणि झरी मागं पडली तरी ती तो डाग आतल्या आत पुसत होती.

एप्रिलचं ऊन इथं उगवतानाच पिकून येतं. दोन्ही अंगांनी काळी रानं उघडी पडलेली, भेगा अशा की पावलाचा पंजा आत जाईल. बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग, कुठं कापूस राहून गेलेला, मळून तपकिरी झालेला. रस्ता मोठा करायचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, मध्येच सिमेंट, मध्येच धूळ, एसटी गेली की सगळं जग पांढरं. पहिले दोन तास तिचं अंग तिचं होतं. पाय गोल फिरत होते, श्वास त्यांच्या मापानं येत होता, आणि एका उतारावर हात सैल सोडून तिनं वाऱ्याला तोंड दिलं तेव्हा ती चक्क विसरली. पोर विसरली, घर विसरली. उतार संपल्यावर आठवण आली ती मनातून नाही, छातीतून. सकाळी सहाच्या सुमाराला तो एकदा घेतो, झोपेत, डोळे न उघडता. ती वेळ केव्हाच टळून गेली होती आणि ते दूध तिथंच होतं. आधी नुसतं जड. बोरी येईतो तट्ट. हँडलवर वाकलं की दोन्ही बाजूंनी गरम दगड लोंबावेत तसं. खड्ड्यातून चाक गेलं की काखेपर्यंत कळ. ऑफिसात असं झालं की ती बाथरूममध्ये जाऊन बेसिनात पिळून टाकते, नळ सोडून, आवाज येऊ नये म्हणून, टेबलाशी परतली की शेजारचे दत्तराव कागदातून मान न काढता म्हणतात, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" आणि ती ओढणी पुढं ओढते. इथं ओढणी नव्हती. सायकलचा घट्ट, मोरपंखी टी-शर्ट होता, लग्नाआधीचा, आणि त्यात आताची ती मावत नव्हती.

तिला वाटलं, आता त्याला कळलं असेल. ऊन दारातून आत आलं असेल, वच्छलाबाईनं वरणभात कालवला असेल, चिऊचा घास काऊचा घास केला असेल. तो मान फिरवत असेल, दाराकडं बघत असेल. या क्षणी, या इथं, ती डांबरावर असताना, तो दाराकडं बघत असेल. मग तिच्या ध्यानात आलं की ती हे चित्र दुःखानं नाही, चवीनं रंगवते आहे. त्यानं दाराकडं बघावं असं तिला वाटत होतं. घास थुंकावा असं वाटत होतं. ज्याच्या रक्तासाठी ती घर सोडून निघाली, त्यानं आज एक शीतही पोटात घेऊ नये, आजीला हरवावं, डॉक्टरीणबाईंना हरवावं, आणि संध्याकाळी सगळ्यांनी हात टेकून म्हणावं, बाई गं, तुझ्यावाचून त्याचं काही चालत नाही. केवढी नासकी इच्छा ही. आई ही नासकी असते हे कुणी सांगत नाही. तिनं गिअर जड केला आणि चढावर स्वतःला शिक्षा द्यावी तसं पॅडल मारलं.

जिंतूर ओलांडून येलदरीच्या रस्त्याला लागलं की जमीन चढू लागते. काळी माती संपते, मुरूम लागतो. उघडे साग, बाभळी, टेकड्यांच्या अंगावर वाळल्या गवताची लव. माणूस नाही. एका बाभळीच्या तुकडाभर सावलीत मेंढपाळानं बांधून ठेवलेलं करडू होतं. चुकून मागं राहिलं असेल, नाहीतर पायात काटा मोडला असेल. ते ओरडलं. बारीक, चिरकं, वर चढत जाणारं. आणि सुकेशनीचा पान्हा फुटला. काही कळायच्या आत. टाचणी टोचावी तशी आतून एक झिणझिण आली आणि टी-शर्टवर दोन ओले गोल उमटले, पसरले, खाली धावले. ती उतरली, सायकल आडवी टाकली, दोन्ही मनगटं छातीवर दाबून उभी राहिली. बकरीच्या पोरासाठी! या अंगाला एवढीही अक्कल नाही? ज्याच्यासाठी भरलं त्याच्यापासून पन्नासेक किलोमीटर लांब आणून ठेवलं, तर हे भलत्याच्याच हाकेला ओ देतं. तिला हसू आलं. हसताना जास्तच वाहिलं.

पुढच्या वळणावर पत्र्याच्या सावलीत एक रसवंती होती. चरकाचे घुंगरू वाजत नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं. एक बाई ओल्या गोणपाटाखालचा ऊस चाळत बसली होती आणि तिचा नवरा बाजेवर पालथा पडला होता. बाईनं सायकल पाहिली, हेल्मेट पाहिलं, मग नजर खाली आली आणि तिथं थांबली.

"लेकरू तान्हं हाय का?"

"दोन वर्षांचा होईल."

"मंग?"

"तोडायलेत आज."

"अगं माय!" बाई उठली. "मंग म्हायेरला जायाचं सोडून या उन्हात सायकल कामून? आश्रुबा, उठा की हो, बाईमाणूस आलंय."

नवऱ्याला नावानं हाक मारते, सुकेशनीच्या मनात आलं. आश्रुबा उठला, सुकेशनीकडं न बघता चरकापाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. त्या पाठ करण्यात शहाणपण होतं. बाईचं नाव रुख्मिणी. दोघं ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारी; दिवाळी झाली की साखरपट्ट्यात, चैत लागला की परत. परत आल्यावर चार महिने हा चरक. रुख्मिणीनं तांब्या दिला, बाजेवर जागा केली, गाव विचारलं. परभणी म्हटल्यावर आता आडनाव येईल म्हणून सुकेशनी सवयीनं सावध झाली. ते आलं नाही. तिला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.

"सासूपाशी ठिवलाय?"

"हो."

"सासू बरी हाय का?"

"बरी आहे." खरंच बरी आहे, हेच तर कठीण होतं.

"माझी बी बरी हाय." रुख्मिणी उसाची कांडी सोलत म्हणाली, "आमची पोरगी अंगावर पेत व्हती तवाच गेलो की आमी. मुकादम म्हणला, लेकरू नगं, फडात साप-विंचू असतेत. ठिवली सासूपाशी. रोज राती फडावरल्या कोपीत पिळून काढायची आन् रडायची. पंधरा दिसानं आटलं आपसूक. तुमाला सायकल तरी भेटली बाई, आमाला ट्रॅक्टर भेटला."

"मग? परत आल्यावर?"

"आले तर दारात बसलेली, भाकरीचा भुगा खाऊ लागली व्हती. म्या म्हणलं, ये की. ती मला म्हणती, 'तू कोन?'" रुख्मिणी मोठ्यानं हसली. चरकाजवळची पाठ जराशी हलली. "म्या म्हणलं, तुझी मावशी. म्हणलं आता मावशीच ऱ्हावावं लागंल काही रोज."

"आता?"

"आता माय म्हणती. नऊ वर्साची हाय. पण पोटात दुखलं की अजून बी आजीकडंच जाती."

ती पुढं म्हणाली, मागं कुडाचा आडोसा आहे, तिथं बसून पिळून टाका, नाहीतर गाठी होतील, ताप भरेल, रस्त्यात पडताल. मग एक स्टीलचा पेला पुढं केला. "यात धरा. भुईवर पाडू नगा. मुंग्या लागल्या की दूध आटतं म्हंतेत."

"आटवायचंच आहे," सुकेशनी म्हणाली.

रुख्मिणीनं पेला मागं घेतला. "मंग पाडा," ती म्हणाली.

कुडाच्या मागं मुरूम तापलेला होता. सुकेशनी उकिडवी बसली. आधी येईना, दगड झालेला. मग आलं, बारीक पाच-सहा धारा एकदम, फिक्या निळसर. जमिनीवर पडताच त्यांचे गोळे झाले, धुळीत गुंडाळले गेले. तिनं वाट पाहिली काहीतरी वाटण्याची. रडू, निदान हलकं वाटणं. वाटली ती एक वेगळीच गोष्ट: लाज. अन्न टाकून दिल्यावर वाटते तसली, साधी, घरगुती. मुंग्यांची एक ओळ जवळून चालली होती. दोघीतिघी वळल्या, ओल्या गोळ्यापाशी आल्या, शिंगं लावून पाहिली आणि वळसा घालून ओळीत परत गेल्या.

रस पिऊन निघाल्यावर ती येलदरीपर्यंत गेलीच नाही. एका उंचवट्यावरून धरणाचं पाणी दिसलं, खाली गेलेलं, काठाला चुनखडीसारखा पांढरा पट्टा. तिला आणखी काही बघावंसं वाटेना. तिथं रेंज होती. वच्छलाबाईला फोन करायचा नव्हता, प्रीतमला करायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रीतम औषधांच्या होलसेल दुकानात असतो, रविवारीही. मागं खोकी आपटल्याचे आवाज आले.

"काय करायलाय तो?" तिनं विचारलं.

"मी दुकानात हाय अगं. आईचा फोन न्हाई आला. म्हंजी ठीकच असंल."

"घरी जाऊन बघून ये ना."

"कशाला? मला बघितलं की तू आठवशील त्याला. तू कशी हायस? लय ऊन असंल. मजा येऊ लागली का?"

मजा. तो मनापासून विचारत होता. तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे ठीकच असेल. जगातल्या सगळ्या ठीक असण्याचा पुरावा हा एवढाच: कुणाचा फोन आला नाही.

परतीचा रस्ता उताराचा असायला हवा होता, पण वारा समोरून उठला. रानातल्या वावटळी उभ्या राहून फिरायच्या, पाचोळा उचलायच्या, रस्ता ओलांडून दुसऱ्या रानात जाऊन पडायच्या. वारा तोंडावर घेऊन ती वाकली, आणि पिळून काढलेलं सगळं पुन्हा भरत येताना तिला जाणवलं. अंगाला कुणी निरोपच दिला नव्हता. ते आपलं काम करत होतं, इमानी नोकरासारखं, मालक कुठं आहे याची चौकशी न करता. बोरीजवळ तिला वाटलं, आता तो नक्की रडत असेल. झरीजवळ वाटलं, नाही, आता रडून झालं असेल. दोन्हींतलं कुठलं बरं ते तिला ठरवता येईना. कबूल झालं होतं ते तो निजल्यावर यायचं. अंधार पडायला अजून अवकाश होता. कुठंतरी थांबावं, चहा घ्यावा, वेळ काढावा. हे सगळं ती मनात म्हणत होती आणि पाय ऐकत नव्हते. परभणीच्या अलीकडं गोदामांच्या रांगा लागल्या तेव्हा तिनं सरळ कबूल केलं: दारात त्याचं रडणं ऐकू आलं तर ती थांबणार नव्हती. रक्त वाढेल पुढच्या महिन्यात. वच्छलाबाईनं भांडी आपटली तर आपटू देत.

सायकल जिन्याखाली टेकवून ती चप्पल न वाजवता वर चढली. रडणं नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. लाइट गेलेली होती, कूलर बंद, खोलीत दिवस मावळतानाचा तांबूस उजेड. वच्छलाबाई सतरंजीवर कुशीवर पडली होती, दाराकडं पाठ, आणि तिचा हात एका लयीत थापटत होता. बाजूला वाटी, वाटीत वरणभाताची चार शितं चिकटलेली. म्हणजे जेवला. सुकेशनी दोन पावलं पुढं आली आणि मग तिला दिसलं.

म्हातारीच्या चोळीच्या गाठी सुटलेल्या होत्या. प्रीतमवर आणि त्याच्या आधीच्या दोन न जगलेल्यांवर संपून गेलेली ती छाती, सुरकुतलेली, रिकामी, सिद्धोधनच्या तोंडात होती. तो चोखत होता. डोळे मिटलेले, पायाची बोटं सैल, एक हात वर करून आजीच्या कानाची पाळी चोळत. पिताना सुकेशनीच्या कानाची चोळायचा तशी.

वच्छलाबाईनं मान वळवली. पहिल्यांदाच सुकेशनीनं तिला लाजलेलं पाहिलं. पदर ओढायला हात गेला आणि लेकरू हलेल म्हणून मध्येच थांबला.

"जेवला," ती कुजबुजली. "दोन डाव भात खाल्ला. तुझं नाव न्हाई काढलं. फकस्त निजायच्या वक्ताला... धाय मोकलून रडाय लागला गं. काय करू? काय हाय माझ्यापाशी? नुसतं चामडं. म्हणलं बघू. तेवढ्यावर गप झाला."

सुकेशनीला वाटलं होतं, त्याला दूध हवं असतं. त्याचीही आजवर तीच समजूत असेल. पान्हा पुन्हा आला, न विचारता, टी-शर्टवर आधीचे वाळलेले कडक डाग होते त्यांवरून ओला उतरत गेला, आणि त्या कोंदट खोलीत त्याचा वास पसरला. सिद्धोधनचं नाक हललं. चोखणं थांबलं. तोंड सुटलं, डोकं अर्धवट वळलं, मिटल्या डोळ्यांनीच, सुकेशनीच्या बाजूला. ओठ हवेतच हलत राहिले. नुसतं खाली बसायचं होतं. भिंत तिथंच होती. तिनं श्वास धरला. वच्छलाबाईनंही धरला, त्या दोघींनी एकाच गोष्टीसाठी श्वास धरला होता, पण ती व्हावी म्हणून की होऊ नये म्हणून, कोण जाणे. मग त्याच्या ओठांनी आंधळेपणानं शोधलं, कोरडं बोंड सापडलं, आणि तो परत लागला.

"जा बाई," वच्छलाबाई म्हणाली, विनवल्यासारखं, डोळे भरून. "भाईर जा जरा. वास लागायलाय त्याला तुझा."

सुकेशनी उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली, बाहेर झाली, आणि कडी वाजू न देता तिनं दार ओढून घेतलं.